तबकडी, सुई आणि संगणक

शब्दांचेंहि माणसांप्रमाणेंच असतें. एकदां संगत बिघडली कीं नांवाला बट्टा लागतो. ‘डीजे’ हा शब्द घ्या. आज महाराष्ट्रांत तो उच्चारतांच डोळ्यांपुढें उभी राहते ती ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत, तिच्या दणक्यानें थरथरणारीं तावदानें, आणि कानांत कापूस घालून घरांत बसलेलीं वृद्ध माणसें. वस्तुतः हा शब्द यंत्राचा नव्हेच. ‘डिस्क जॉकी’ या इंग्रजी जोडशब्दाचीं तीं आद्याक्षरें असून त्याचा सरळ अर्थ ‘तबकडीवरचा स्वार’ असा आहे. रेडिओवरून तबकड्या वाजवून दाखविणाऱ्या निवेदकास अमेरिकेंत हें नांव प्रथम मिळालें. म्हणजे डीजे हा माणूस आहे, भिंत नव्हे. कर्ता गळून पडला आणि करणालाच त्याचें नांव चिकटलें, अशी या शब्दाची विपरीत गति आपल्याकडे झाली आहे.

म्हणूनच एखाद्या सुशिक्षित घरांतला मुलगा ‘मला डीजेचा संच मांडावयाचा आहे’ असें म्हणाला, कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. गेल्या वर्षीं चेंबूर येथील आमच्या घरींहि तसेंच झालें. आमचें कुटुंब एकत्र आहे. लागून असलेल्या दोन ब्लॉकांत तीन पिढ्या नांदतात. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें ही इच्छा बोलून दाखवितांच घरांत तट पडले. बंधूंस खर्चाची चिंता, भावजयींस अभ्यासाची, आणि माझ्या ८८ वर्षांच्या मातोश्रींस दुपारच्या झोंपेची! मुलगा रागावला नाहीं. पण जेवणाच्या पंगतींतून तो लौकर उठूं लागला, आणि एकत्र घरांत या गोष्टीचा अर्थ काय होतो हें वाचकांस सांगावयास नको. मुलांचा छंद मोडतां येतो. पण तो मोडतांना मुलाचा घराशीं असलेला धागाहि तुटण्याचा संभव असतो. म्हणून मीं दोन्ही पक्षांकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली, आणि ही विद्या आहे तरी काय, तिला खर्च किती, उपद्रव किती व गुण किती, याची मुळापासून माहिती करून घेतली. अनेक घरांत आज हाच प्रश्न उभा असेल असें वाटल्यावरून ती माहिती येथें क्रमानें देत आहे.

तबकडीचें वाद्य कसें झालें

ध्वनि टिपून ठेवण्याचें यंत्र एडिसननें १८७७ सालीं केलें. त्यांत नळकांडें होतें. सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनर यानें १८८७ त पुढें आणला. १९०२ सालीं इंग्लंडांतील कंपनीचे लोक कलकत्त्यास आले व गौहरजानचें गाणें तबकडींत उतरलें. त्या तबकड्यांत लाख वापरलेली असे, आणि ती लाख आपल्याच देशांतून परदेशीं जात असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९४८ मध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी, व्हिनाइल नामक कृत्रिम द्रव्याची दीर्घ तबकडी काढली. घरोघरच्या कपाटांत ज्या ‘एल्पी’ अजून जपलेल्या दिसतात त्या याच जातीच्या.

या साऱ्या काळांत तबकडीस हात लावणें हा अपराधच मानला जाई. ‘सुई ठेव आणि दूर हो’ अशीच मुलांस आज्ञा असे. ही रीत पालटण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली यंत्राची. पूर्वीच्या यंत्रांत थाळी रबरी पट्ट्यानें किंवा चाकानें फिरे. हातानें अडवली कीं ती मंदावे, व पुन्हां वेग घेण्यास वेळ लागे. जपानांतील मात्सुशिता कंपनीनें १९७० च्या सुमारास थाळी थेट मोटरीच्या आंसावरच बसविली, आणि १९७२ त ‘टेक्निक्स एसएल-१२००’ हें यंत्र बाजारांत आणलें. या थाळीवर गुळगुळीत कापडी चकती घातली, कीं वरची तबकडी हातानें थांबवितां येते व खालची थाळी मात्र आपल्या वेगानें फिरतच राहते. हात उचलतांच गाणें तत्क्षणीं वेग धरतें. या चकतीस ‘स्लिपमॅट’ म्हणतात.

दुसरी गोष्ट माणसांची. न्यूयॉर्क शहरांतील ब्राँक्स हा त्या काळीं हलाखींत पडलेला भाग. तेथें ११ ऑगस्ट १९७३ रोजीं कूल हर्क या जमैकांत जन्मलेल्या तरुणानें आपल्या बहिणीनें ठेविलेल्या नृत्याच्या बैठकींत तबकड्या वाजविल्या. गाण्यांतील केवळ तालवाद्यांचा तुकडा लोकांस नाचावयास आवडतो हें त्यानें ओळखलें होतें. म्हणून एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आळीपाळीनें वाजवून लांबवीत असे. पुढें त्याच वस्तींतील थिओडोर नांवाच्या एका मुलास, ‘आवाज कमी कर’ म्हणून आई खोलींत रागवावयास आली असतां त्यानें चालती तबकडी हातानें धरून ठेविली, आणि बोलणें ऐकतां ऐकतां ती मागें-पुढें हालविली, तेव्हां ‘स्क्रॅच’ची युक्ति सुचली, असें सांगतात. मातेच्या रागांतून एक कला निघाली, ही कथा आमच्या भावजयींस मीं मुद्दाम सांगितली. त्या हंसल्या, पण ‘आवाज तेव्हां कमी झाला होता ना?’ एवढें विचारल्यावांचून राहिल्या नाहींत.

ही मागें-पुढें करण्याची क्रिया ऐकून वेदपाठाशीं परिचय असलेल्या वाचकांस जटापाठाची आठवण होईल. जटापाठांत पहिलें पद व दुसरें पद, मग दुसरें व पहिलें, आणि पुन्हां पहिलें व दुसरें, असा सुलट-उलट-सुलट क्रम असतो. त्याचा हेतु संहितेचें रक्षण हा आहे, व याचा हेतु रंजन. तेव्हां योग्यतेची तुलना करण्याचा माझा मुळींच विचार नाहीं. परंतु क्रम उलटवूनहि काल व स्थान अचूक राखणें, ही बुद्धीची व हाताची कसरत दोहोंकडे आहे, एवढें साम्य निर्विवाद होय. पाठशाळेंतील विद्यार्थी जसा प्रथम संथ लयींत घोकतो, तसाच हा तबकडीवाला मुलगा एकच तुकडा दोन दोन तास घोकतांना मीं पाहिला आहे.

संगणकानें काय केलें

तबकड्यांच्या या कलेस एक मोठी अडचण होती. गाणें पाहिजे तर त्याची तबकडी पाहिजे, आणि बहुधा दोन दोन पाहिजेत. मणभर ओझें वहावें लागे, पैसा लागे, आणि तबकड्या झिजत. या शतकाच्या आरंभीं एका डच कंपनीनें ‘फायनल स्क्रॅच’ नांवाची योजना पुढें आणली. २००४ त न्यूझीलंडच्या ‘सेरातो’ कंपनीनें ‘स्क्रॅच लाइव्ह’ काढलें, आणि ही रीत जगभर रूढ झाली. तिचें रहस्य असें :

थाळीवर जी तबकडी ठेवावयाची तिच्यांत गाणें नसतेंच. तिच्यांत आरंभापासून शेवटपर्यंत केवळ एक सूर भरलेला असतो. सेरातोच्या तबकडींत तो सेकंदास १००० कंपनांचा आहे. सुई तो सूर उचलते, व संगणक तो ऐकतो. तबकडी अर्ध्या वेगानें फिरली तर सूर ५०० कंपनांवर उतरतो. त्यावरून संगणकास वेग कळतो. आतां दिशा कशी कळावी? तबकडीच्या खांचेंत डावी व उजवी अशा दोन बाजू असतात. दोन्हींत तोच सूर आहे. परंतु एक बाजू दुसरीच्या पाव कंपनानें पुढें असते. तबकडी उलट फिरली कीं मागची बाजू पुढें येते. त्यावरून दिशा कळते. राहतां राहिलें स्थान. यासाठीं सुराच्या लाटा कांहीं किंचित् ठेंगण्या, कांहीं उंच केलेल्या असतात. ठेंगणी म्हणजे शून्य व उंच म्हणजे एक, असें समजून वाचीत गेल्यास जी अंकमालिका मिळते तिचा प्रत्येक खंड संपूर्ण तबकडींत एकदांच येतो. तेव्हां सुई कोठेंहि ठेविली तरी क्षणार्धांत संगणक ठिकाण ओळखतो. मग संगणकाच्या पोटांत साठविलेलें जें गाणें आपण निवडलें असेल, तें त्याच स्थानापासून, त्याच वेगानें, त्याच दिशेनें वाजूं लागतें.

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हा अनुमानाचा प्रकार आहे. धूर पाहून अग्नि जाणावा तद्वत् सूर ऐकून हाताची गति जाणावी. हात तबकडीवर, गाणें संगणकांत, आणि या अनुमानाचा हेतु म्हणजे तो सूर. म्हणून एकाच दोन तबकड्यांच्या जोडीवर हजारों गाणीं वाजवितां येतात. आणि तबकडी झिजली तरी गाणें झिजत नाहीं, फक्त दोन तबकड्याच बदलाव्या लागतात.

अल्प खर्चांत काय काय लागतें

पहिली वस्तु म्हणजे दोन टर्नटेबलें. येथें काटकसर करतांना एकच पथ्य पाळावें : थाळी थेट मोटरीवर चालणारीच असावी. पट्ट्यावर चालणारीं स्वस्त व देखणीं यंत्रें दिवाणखान्यांत गाणें ऐकण्यास उत्तम. पण या कामीं निरुपयोगी. वापरलेलें यंत्र घेण्यास हरकत नाहीं. मात्र घेण्यापूर्वीं थाळीचा वेग स्थिर आहे कीं नाहीं, व सुईचा दांडा सांध्यांत खिळखिळा झालेला नाहीं ना, हें अवश्य पाहावें.

दुसरी वस्तु सुई व तिचें घर, ज्यास कार्ट्रिज म्हणतात. मागें-पुढें हालविण्याचें काम असल्यामुळें ती गोल टोंकाची व दणकट हवी. या जातीच्या सुयांस बहुधा ३ ते ४ ग्रॅम भार सांगितलेला असतो. निर्मात्यानें दिलेला आंकडाच प्रमाण मानावा.

तिसरी वस्तु त्या सुराच्या दोन तबकड्या; यांस टाइमकोड तबकड्या म्हणतात. चौथी वस्तु ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा ध्वनि संगणकांत नेणारी व संगणकाचा बाहेर आणणारी पेटी. प्रत्येक टर्नटेबलाच्या दोन बाजू, म्हणून चार वाटा आंत व चार बाहेर, असा तिचा हिशेब पाहिजे. दोनच वाटांची स्वस्त पेटी घेऊन अनेक मुलें फसतात. येथें आणखी एक खुबी आहे. टर्नटेबलांतून येणारा विद्युत्प्रवाह फार क्षीण, जेमतेम पांच मिलिव्होल्टांच्या आसपास, असतो. तो वाढविण्यास ‘फोनो प्रीअँप’ लागतो. कित्येक टर्नटेबलांत तो बसविलेलाच असून मागें ‘फोनो’ व ‘लाइन’ अशी कळ असते. तशीं यंत्रें मिळालीं तर हा खर्च वांचतो.

पांचवी वस्तु दोन मार्गांचा मिक्सर. यांतील आडवी सरकपट्टी एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेते. सहावी संगणक, घरांतील चालू लॅपटॉप पुरतो. आणि सातवी आज्ञावली. नामांकित कंपन्यांच्या आज्ञावल्यांस पैसे पडतात, व त्या बहुधा ठराविक पेट्यांशींच जुळतात. पण ‘मिक्स्स’ नांवाची एक आज्ञावली २००१ पासून स्वयंसेवकांनीं वाढविलेली असून ती कोणासहि विनामूल्य मिळते, सेरातोच्या टाइमकोड तबकड्या ओळखते, आणि पुरेशा वाटांची कोणतीहि पेटी तिला चालते. ‘एक्सवॅक्स’ ही तशीच दुसरी मोफत आज्ञावली लिनक्सवर चालते. विद्या विकण्याची नव्हे, देण्याची वस्तु आहे, हा आपला जुना संस्कार अशा ठिकाणीं नव्यानें दिसतो, आणि मनास बरें वाटतें.

आमच्या घरचा जमाखर्च येथें देतों. किंमती पालटतात, तेव्हां हें प्रमाण केवळ अंदाजासाठीं घ्यावें. वापरलेलीं दोन टर्नटेबलें सुयांसह ३६,००० रुपये, इंटरफेस १६,०००, वापरलेला मिक्सर ९,०००, टाइमकोड तबकड्यांची जोडी ५,०००, स्लिपमॅट व तारा २,५००, एकूण ६८,५०० रुपये. लॅपटॉप, हेडफोन व लहान स्पीकर घरांत होतेच. बंधूंनीं अट घातली कीं यांपैकीं निम्मी रक्कम मुलानें स्वतः मिळवावी. त्यानें सात महिने दहावीच्या दोन विद्यार्थ्यांस गणित शिकविलें, आणि प्रथम एकच टर्नटेबल घेऊन आरंभ केला. ही रीत मी सर्वांस सुचवीन. एका यंत्रावर हात बसतो, वेड टिकाऊ आहे कीं क्षणिक याची परीक्षा होते, आणि फसगत झालीच तर ती निम्म्या खर्चांत आटपते.

मांडणीचा क्रम

यंत्रें हालणाऱ्या मेजावर ठेवूं नयेत. शक्य तर भिंतीलगतच्या जड फळीवर, पाणसळ पाहून ठेवावीं. सुईच्या दांड्यामागील वजन फिरवून दांडा प्रथम तराजूप्रमाणें समतोल करावा, तेथें आंकड्याची चकती शून्यावर आणावी, आणि मग सांगितलेला भार द्यावा. टर्नटेबलाच्या तारा इंटरफेसच्या आंतल्या वाटांस, इंटरफेसच्या बाहेरच्या वाटा मिक्सरला, व मिक्सर स्पीकरला, असा प्रवाह आहे. टर्नटेबलास निराळी बारीक भूमि-तार असल्यास ती मिक्सरच्या मागील स्क्रूस आवळून बांधावी. आमच्या येथें ती मोकळी राहिल्यामुळें पहिले दोन दिवस भुंगा कोंडल्यासारखी अखंड घूं-घूं चालली होती. तार आवळतांच ती थांबली.

यानंतर आज्ञावलींत आपली तबकडी कोणत्या जातीची तें निवडावें. पडद्यावर एक वर्तुळ दिसूं लागतें. दोन बाजूंच्या सुरांत बरोबर पाव कंपनाचें अंतर असल्यास तें गोल व स्वच्छ दिसतें. दबलेलें किंवा केंसाळ दिसल्यास सुईवर धूळ आहे, भार चुकला आहे, किंवा एखादी तार सैल आहे असें समजावें. वैद्य जशी नाडी पाहतो तसें हें वर्तुळ पाहावें. शेवटीं विलंब. हात हालला व आवाज आला यांतील अंतर फार असेल तर हात गोंधळतो. संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्यांनीं हाताळतो. सेकंदास ४४,१०० नमुने व गठ्ठा १,०२४ चा असल्यास एका गठ्ठ्याचा विलंब सुमारें २३ सहस्रांश सेकंद होतो, आणि २५६ चा केल्यास सहा सहस्रांशांच्या आंत येतो. गठ्ठा लहान करीत जावें, व आवाज तुटूं लागला कीं एक पायरी मागें यावें.

शेजारधर्म आणि कान

आतां ज्या प्रश्नानें घरांत तट पडले त्याकडे वळूं. चेंबूर हें काही निःशब्द गांव नव्हे. राज कपूर यांनीं १९४८ त स्थापिलेला आर. के. स्टुडिओ येथलाच, २०१७ च्या आगीनंतर तो राहिला नाहीं. फाइन आर्ट्स सोसायटीच्या सभागृहांत आजहि गाणें व नृत्य चालतें. टिळकनगरचा गणपति पाहावयास दुरून लोक येतात. म्हणजे नाद आम्हांस नवा नाहीं. प्रश्न मर्यादेचा आहे.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली असून रात्र म्हणजे दहा ते सहा अशी व्याख्या केली आहे. आमच्या शेजारच्याच कुर्ल्याच्या नेहरूनगर व चुनाभट्टी येथील रहिवाशांच्या संस्थांनीं केलेल्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें २३ जानेवारी २०२५ रोजीं निर्णय दिला, कीं ध्वनिक्षेपक हा कोणत्याहि धर्माचा आवश्यक भाग नाहीं, व नियमभंग होत असल्यास पोलिसांनीं कारवाई केली पाहिजे. सामान्य रहिवाशांनीं शांततेसाठीं न्यायालयापर्यंत जावें लागावें, यावरून हें दुखणें किती जुनें आहे तें दिसतें.

डेसिबलचें गणित मुलांस नीट समजावून द्यावें. दहा डेसिबल वाढणें म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होणें. तीस वाढणें म्हणजे हजारपट. कानास ८५ डेसिबल दिवसाचे आठ तास सोसतात असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यापुढें दर तीन डेसिबलांस मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें! जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२२ त गाण्याच्या जागांसाठीं मर्यादा घालून दिली आहे, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीनें १०० डेसिबलांची. कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. हेडफोन हा शेजाऱ्यास उपकारक. पण घालणाऱ्यास तोच घातक ठरूं शकतो, हें विसरूं नये.

आमच्या घरीं तीन नियम ठरले, आणि ते मुलानेंच लिहून भिंतीवर लावले. दुपारीं दोन ते चार व रात्रीं नवानंतर स्पीकर बंद. हेडफोनवरहि सलग एक तासाहून अधिक सराव नाहीं. आणि परीक्षेच्या पंधरवड्यांत यंत्रांवर कापड. त्यावर मुलानें एक शंका काढली. ‘काका, हे नियम मी पाळीन, पण भाद्रपदांत आपल्याच रस्त्यावरून ती भिंत जाईल, तेव्हां तुम्ही काय कराल?’ शंका रास्त होती. मी म्हणालों, ‘तेव्हां मी तक्रार करीन, आणि अर्जावर दुसरी सही तुझी असेल.’ त्यानें ती यंदा केली. मंडळानें मिरवणुकींत बांधलेली भिंत एका थरानें कमी केली. सगळी काढली नाहीं. पण अर्जावर त्या यंत्राचें मर्म जाणणाऱ्या एका तरुणाची सही होती, म्हणून मंडळाच्या मुलांनीं तो ऐकून तरी घेतला. केवळ म्हाताऱ्यांचा अर्ज असता तर काय झालें असतें, हें मी अनुभवानें जाणतों.

जुन्या तबकड्यांविषयीं एक सावधगिरी

घरांत टर्नटेबल आलें कीं माळ्यावरच्या जुन्या तबकड्या खालीं येतात. आमच्या मातोश्रींच्या माहेरच्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखी तबकड्या अशाच निघाल्या. त्यांवर एल्पीची सुई कधींहि लावूं नये. लाखी तबकडीच्या खांचेस सुमारें ७५ मायक्रॉनचें टोंक लागतें. एल्पीच्या सुईचें टोंक सुमारें १८ मायक्रॉनचें असून तें खांचेच्या तळाशीं जाऊन खडखडतें व बिघडतें. ७८ साठींची निराळी सुई मिळते, ती आणावी. यंत्रावर ७८ चा वेग नसला तर ४५ वर वाजवून, त्याच इंटरफेसनें संगणकांत उतरवून, वेग मागाहून दुरुस्त करतां येतो. तसेंच कायद्याचेंहि भान ठेवावें. ध्वनिमुद्रणावरील हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षें टिकतो. घरीं सराव करणें निराळें, आणि चार लोकांपुढें पैसे घेऊन वाजविणें निराळें. तेथें हक्कधारकांचा परवाना पाहिजे. दुसऱ्याच्या स्वरावर आपण चाललों असतां त्याचें ऋण फेडणें हा साधा धर्म आहे.

मुलानें मातोश्रींच्या दोन तबकड्या संगणकांत उतरवून घेतल्या. खरखर पुष्कळ आहे. पण गाणें ओळखूं येतें. आतां दुपारीं चार वाजले कीं त्या स्वतःच ‘उठलें बरें का मी’ असें आंतून सांगतात, आणि मग स्पीकर चालू होतो.

या विद्येवर पोट भरतें का, असा प्रश्न बंधूंनीं केला होता. तें मी सांगूं शकत नाहीं, आणि सांगण्याची घाईहि नाहीं. पेटी-तबला शिकणाऱ्या प्रत्येक मुलानें त्यावर पोट भरावें अशी अपेक्षा आपण कधीं केली नाहीं. मुलगा पदवी पुरी करीत आहे, यंत्र उघडून सांधण्यास शिकला आहे, ताल मोजूं लागला आहे, आणि पंगतींतून लौकर उठण्याचें त्यानें सोडलें आहे. ज्या घरांत हा प्रश्न आज उभा असेल, तेथील वडील माणसांस माझी एवढीच विनंति आहे कीं ‘डीजे’ हा शब्द ऐकतांच दार लावून घेऊं नये. मुलास समोर बसवावें, जमाखर्चाची वही काढावी, आवाजाचे नियम त्याच्याच हातून लिहवून घ्यावे, आणि एका टर्नटेबलानें आरंभ करूं द्यावा.